सगळ्यात धाकट्याचं मत

मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा आईनं ते तीनदा वाचलं, शेजारच्या काकूंना दाखवून आणलं आणि मग टीव्हीच्या मागे खोचून ठेवलं. घरातले महत्त्वाचे कागद तिथेच राहत. लष्कराच्या कायदा शाखेत जागा होत्या चार, अर्ज आले होते दोन-अडीच हजार, आणि निवड मंडळासमोर पाच दिवस घासून-पुसून बघायला ज्यांना बोलावलं होतं त्यांत आमच्या वकिलीणबाईंचा नंबर लागला होता. घरात तिला वकिलीणबाईच म्हणत. बोलायला लागल्यापासून तिनं दुसऱ्याला शेवटचा शब्द कधी बोलू दिला नव्हता, त्यामुळे पदवी नंतर आली आणि नाव आधी पडलं. वयाच्या अटीमुळे तिची ही पहिली आणि शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी दार बंद.

बाबांनी पत्र वाचलं, जशी होती तशी घडी घातली, "छान" म्हणाले आणि आंघोळीला गेले. इतकं कोरडं "छान" तिला आठवीत चित्रकलेत काठावर पास झाल्यावरही मिळालं नव्हतं.

बाबा स्वतः लष्करात होते. कॅप्टन असताना त्यांनी नोकरी सोडली आणि शहराच्या बस आगारात लागले. आता तिथे सुरक्षा अधिकारी होते. आगारातून एकही बस त्यांनी ब्रेकवर स्वतःचा पाय दाबल्याशिवाय बाहेर जात नसे. पावणेदोनशे बस, पहाटे पाचपासून. चालक मंडळी वैतागायची, मागे म्हणायची की कॅप्टनचं चाललं तर प्रत्येक बसच्या आधी ते स्वतः उतारावरून गडगडून बघतील. बाबांच्या कानावर ते यायचं. ते हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत.

मंडळाकडे एक माहितीपत्र भरून न्यायचं होतं. त्यात एक रकाना होता, कुटुंबातलं कोणी लष्करात आहे किंवा होतं का. तिनं पेन उघडलं तसे बाबा म्हणाले, "माझं नाव लिहू नकोस."

"का?"

"तो रकाना रिकामा ठेव."

"बाबा, रिकामा ठेवणं म्हणजेसुद्धा खोटंच लिहिणं झालं. पहिल्याच कागदावर खोटं बोलून मी कायदा शाखेत जाऊ?"

"मग जाऊ नकोस," बाबा म्हणाले आणि उठून गेले.

ती पेन तसंच धरून बसली. ह्या माणसानं जन्मात तिला कशाला नको म्हटलं नव्हतं. कायद्याला जाते म्हणाली, जा म्हणाले. सायकलवरून पडून आली तेव्हासुद्धा दुसऱ्या दिवशी सायकल पुसून दारात उभी करून ठेवली होती. त्यांच्या होकाराशिवाय ती गेली असती का? गेलीही असती, हट्टीपणात ती कोणाला हार जाणारी नव्हती. पण पाच दिवस ते मंडळ एकच प्रश्न उलटून-सुलटून विचारणार होतं, तुम्हाला लष्करात का यायचंय, आणि त्याचं तिच्याकडे असलेलं एकमेव खरं उत्तर आत्ता पाठ फिरवून गॅलरीत जाऊन उभं राहिलं होतं. हातात आठ दिवस होते. तेवढ्यात त्या पाठीला बोलतं करायचं होतं.

आईला तिनं स्वयंपाकघरात गाठलं. आई आधी म्हणाली मला काय माहीत, मग म्हणाली त्यांनाच विचार, आणि भांडी पुसता पुसता आपणच बोलली. "तू झालीस त्या आठवड्यात ते एका कोर्टावर होते. कोर्टमार्शल. कोणा ड्रायव्हरचं काहीतरी होतं. तुला बघायला आले ते असेच आले. वर्षाच्या आत राजीनामा दिला. मी विचारायचं सोडलं बाई. भिंतीला विचारलेलं बरं."

कोर्टमार्शल म्हणजे काय हे वकिलीणबाईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पाच लष्करी अधिकारी सभासद म्हणून बसतात, त्यांतला एकही वकील नसतो. त्यांच्या शेजारी एक कायदा अधिकारी बसतो. तो कायदा सांगतो, चुकलं तर टोकतो, पण त्याला मत नसतं. तिला व्हायचं होतं ते हेच. साक्षीपुरावे संपले की सगळ्यांना बाहेर काढून दार बंद होतं आणि सभासद एकेक करून मत देतात. सगळ्यात धाकटा आधी बोलतो आणि सगळ्यात वरचा शेवटी, म्हणजे वरिष्ठाचं तोंड बघून कोणी आपलं मत बदलू नये. आणि कोणी काय मत दिलं हे जन्मात कोणाला सांगणार नाही, अशी शपथ सगळ्यांनी आधीच घेतलेली असते. परीक्षेत ह्यावर तिला पैकीच्या पैकी गुण होते.

गेली दोन वर्षं ती ज्यांच्याकडे उमेदवारी करत होती ते सर सैनिकांचेच खटले चालवत. टायरच्या दुकानावर एक खोली, भिंतीला लोखंडी कपाटं, सरांच्या तोंडात कायम लवंग. लष्कराशी भांडण झालेला पंचक्रोशीतला प्रत्येक माणूस कधी ना कधी त्या जिन्यावरून वर आलेला. तिनं साल सांगितलं, ड्रायव्हरचा खटला म्हणाली, आणि सरांनी कपाटाकडे न बघताच सांगितलं, "दोन जवान गेले होते तो ट्रक. अगं, तो ड्रायव्हर म्हणजे आपले ड्रायव्हरकाका. दर महिन्याला येतात आणि तुझ्याशी गप्पा मारून जातात."

ड्रायव्हरकाका तिला चांगलेच ठाऊक होते. एका गॅरेजात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचे. बोटांना कायम सुया टोचलेल्या. बडतर्फ सैनिकाला निवृत्तिवेतन मिळावं म्हणून त्यांचा अर्ज चौथ्यांदा फेटाळला गेला होता आणि पाचव्यांदा जाणार होता. त्यात आता कायद्याचं काही उरलेलं नव्हतं, नुसती विनवणी होती, म्हणून ती फाईल सर स्वतःकडेच ठेवत.

सरांनी फाईल तिच्यापुढे टाकली. "पहिलं पान वाच."

पहिल्या पानावर पाच सभासदांची नावं होती. पाचवं नाव बाबांचं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू नोकरी मागायला आलीस तेव्हा आडनाव वाचलं, वडील काय करायचे विचारलं, तू सांगितलंस. माहीत होतं."

"मग दोन वर्षांत मला एकदाही बोलला नाहीत?"

"तू विचारलं नाहीस," सर म्हणाले. वकिलाकडे उमेदवारी करायची म्हणजे असली उत्तरं गिळावी लागतात. "काकांना माहीत नाही. त्यांना तो कॅप्टन चांगला आठवतो, आडनाव आठवत नाही. त्या दिवशी पाच आडनावं पाठोपाठ वाचून दाखवली होती, आणि त्यांचं लक्ष काय नावांकडे असणार?"

तिनं ती दोनशे पानं सकाळभर खुर्ची न सोडता वाचून काढली. घाटाच्या उतारावर ट्रक वळणावरून खाली गेला होता. मागे बसलेले दोन जवान जागीच गेले. काकांचं म्हणणं होतं की ब्रेक लागला नाही, आणि तो मऊ लागतोय हे आपण आदल्या दिवशी वर्कशॉपच्या मिस्त्रीला सांगितलं होतं. वर्कशॉपचा अधिकारी म्हणाला की अशी तक्रार आमच्या वहीत नाही. मिस्त्री सुट्टीवर होता, त्याची साक्ष झालीच नाही. आणि मग काकांच्या उलटतपासणीनंतर 'कोर्टाकडून प्रश्न' असा मथळा आला आणि ती सावरून बसली.

पॅडल किती खाली गेलं, अर्धं की पूर्ण? परत वर आलं का? सकाळी गाडी काढलीत ती जागा सपाट होती की उताराची? मिस्त्रीला सांगितलंत तेव्हा तो काय करत होता? सगळे मिळून अकरा प्रश्न. कोणत्या सभासदानं विचारले हे लिहिलेलं नसतं, पण ती हे प्रश्न लहानपणापासून ऐकत आली होती. आगारात जाताना-येताना, जेवताना, तिची स्कूटर नुसती खरखरली तरी. तो आवाज ती हजारात ओळखली असती.

त्यानंतर एकच ओळ होती. कोर्ट बंद. पंचवीस मिनिटांनी कोर्ट उघडलं, निकाल दोषी. बडतर्फी आणि दीड वर्षाची कैद.

आणि वकिलीणबाईंना सगळं लख्ख कळलं, किंवा तसं त्यांना वाटलं. चार जणांनी दोषी म्हटलं आणि एकट्या बाबांनी नाही म्हटलं. बहुमतापुढे हरले. शपथेमुळे कोणाला सांगता आलं नाही, म्हणून तोंडाला कुलूप लावून, नोकरी सोडून, सव्वीस वर्षं बसचे ब्रेक दाबत बसले. तिला हुंदका आवरेना. दुःख थोडं होतं, अभिमानच जास्त होता. तिनं ते प्रश्न असलेल्या चार पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि तडक आगार गाठलं.

रविवार होता, दुपारची पाळी बदलत होती. बाबा तपासणीच्या खड्ड्याशी उभे होते. खड्ड्यावर बस, बसखाली एक मेकॅनिक, बाबांच्या हातात बॅटरी. मेकॅनिक जेवायला गेल्यावर तिनं झेरॉक्स पुढे केल्या.

"तुम्ही काही सांगू नका बाबा. शपथ मोडू नका. मीच सांगते, तुम्ही नुसतं ऐका. हे अकरा प्रश्न तुमचे आहेत. तुमची खात्री होती की ब्रेक गेला होता. तुम्ही धाकटे होता, म्हणजे तुम्ही आधी बोललात, कोणाच्या दबावाखाली न येता. तुम्ही निर्दोष म्हणालात. मला अभिमान वाटतो तुमचा. तुम्हाला लपायचं काही कारण नाही आणि तो रकाना मी भरणार आहे."

बाबांनी कागद हातात घेतले. आपले प्रश्न वाचले, सगळे, अकराच्या अकरा. त्यांनी बॅटरी बंद केली.

"कोर्टात असं करू नकोस," ते म्हणाले.

"कसं?"

"उत्तर आधी ठरवून मग साक्षीदार उभा करू नकोस."

बाबा खड्ड्याच्या कठड्यावर बसले. एरवी ते कामावर कधी बसत नसत.

"आईलाही सांगितलेलं नाही हे. सांगायचं नसतंच. पण तू असं काहीतरी डोक्यात घेऊन तिकडे जाणार असशील तर शपथ मोडलेली बरी." त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली. "मला त्या मिस्त्रीला बोलवायचं होतं. कोर्टाला तो अधिकार असतो, तुला ठाऊक आहे. सकाळीच ठरवलं होतं की दार बंद झालं की म्हणायचं, मिस्त्री आल्याशिवाय मत देता येणार नाही. तो गावी गेलेला, यायला तीन-चार दिवस लागले असते. जेवणाच्या सुट्टीत फोनचा निरोप आला. मुलगी झाली."

तीही कठड्यावर त्यांच्या शेजारी बसली.

"अध्यक्ष कर्नल होते. भला माणूस. पाठीवर थाप मारली, म्हणाले, आज आटोपलं तर संध्याकाळची गाडी पकड, रजा मी देतो. बस, एवढंच. दबाव नाही, काही नाही. तुझ्या पुस्तकात लिहिलंय ना, धाकट्यानं आधी बोलायचं, म्हणजे त्याच्यावर वजन पडत नाही. माझ्यावर कोणाचं वजन नव्हतं. दार बंद झालं, मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, दोषी."

"आणि बाकीचे?"

"माझ्यानंतरचा कॅप्टन माझ्याकडे बघतच राहिला. मग तोही दोषी म्हणाला. मग सगळेच. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, प्रश्न तू विचारत होतास, गाडीतलं तुलाच कळत होतं. तुझीच खात्री पटली म्हटल्यावर आम्ही कोण?" बाबांनी कागदांची घडी केली, उलगडली, परत केली. "चौघंही माझी वाट बघत होते. मी मिस्त्रीला बोलवा म्हटलं असतं तर ते थांबले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तू माझ्या हातात होतीस."

एक बस मागे येत होती, तिची शिट्टी वाजत राहिली.

"म्हणजे माझ्यामुळे," ती म्हणाली.

"तू फक्त जन्मली होतीस. मत माझं होतं."

तिला त्यांचा राग आला. इतका, की उठून जावंसं वाटलं. आणि त्याच वेळी ते कठड्यावर बसलेले, गुडघ्यांना वंगण लागलेले, इतके थकलेले दिसत होते की उठवेना. तिला वाटलं, ह्यांनी सांगितलंच नसतं तर किती बरं झालं असतं. मग ह्या वाटण्याचीच तिला लाज वाटली.

"त्या खोलीत एक कायदा अधिकारी होता," बाबा म्हणाले. "तुझ्याच वयाचा. मत नसलेला. मिस्त्रीला बोलवायला हवं हे त्याला माझ्याहून जास्त कळत होतं. सभासद घाई करतायत हेही दिसत होतं. बोलला असता तर त्याचं कामच होतं ते. माझ्याकडे एकदा बघितलं त्यानं आणि मान खाली घातली. शपथ त्यालाही होतीच, त्यामुळे पुढे आयुष्यभर सोय झाली. मला तुझी भीती वाटते ती ही. तू वाईट वागशील म्हणून नाही. चांगली माणसंच होती सगळी."

निघताना त्यांनी कागद परत दिले. "माझं नाव लिहायचं असेल तर लिही. आता तुला सगळं माहीत आहे. जायचं की नाही तेही तूच ठरव. मी नको म्हणणार नाही."

हवा होता तो होकार मिळाला होता. घेऊन ती स्कूटरपर्यंत आली आणि बराच वेळ किल्लीच लावेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सरांना विचारलं, तो मिस्त्री कुठे असेल. कुठून सुचलं हे सांगितलं नाही. सरांनी लवंग इकडची तिकडे केली. "नऊ वर्षांपूर्वी शोधून काढला होता मी त्याला. पत्ता मिळाला त्याच्या आदल्या वर्षी वारला होता." मग सर तिच्याकडे नको तितकं निरखून बघायला लागले, आणि ती पाणी प्यायला उठली.

पुढचे चार दिवस ती अभ्यास करत होती असं घरच्यांना वाटत होतं. पुस्तक उघडं असायचं. जाऊ नये असं एकदा ठरवून झालं. मग वाटलं, न जाऊन काकांचं काय भलं होणार? आणि आपण गेलो तर निदान एक तरी कायदा अधिकारी असा असेल जो मान खाली घालणार नाही. हे कारण तिला पटलं. मंडळासमोर सांगायलाही ते बरं होतं. तिनं रकान्यात बाबांचं नाव, हुद्दा, वर्षं सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं, बॅग भरली आणि निघायच्या आदल्या दिवशी सरांचा निरोप घ्यायला गेली.

सर कोर्टात गेले होते. ड्रायव्हरकाका बाकावर बसले होते, पाचव्या अर्जावर सही करायला आलेले. तिनं कागद पुढे ठेवले, त्यांनी एकेका पानावर बेतानं सही केली, जणू सही चुकली तर अर्ज फेटाळतील.

"सर म्हणाले, तुम्ही लष्कराच्या वकील होणार," ते म्हणाले. "चांगलं झालं पोरी. आतमध्ये आपलं माणूस पाहिजे."

"अजून निवड व्हायची आहे, काका."

"होणार. मग मला एक सांगा. आता तुम्ही त्यातल्याच झालात म्हणून विचारतो, सरांना कधी विचारलं नाही." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "त्या पाच जणांत एक कॅप्टन होता, पोरगेलासा. त्यानं मला ब्रेकचं विचारलं. बाकी कोणी विचारलं नाही, माझ्या वकिलानंसुद्धा नाही. पॅडल परत वर आलं का, म्हणाला. तेव्हाच मला कळलं, ह्याला पटलंय. तुरुंगात दीड वर्ष मी त्याच्यावर काढलं. बायको म्हणायची, पाचही जण तुम्हाला खुनी म्हणाले. मी म्हणायचो, पाच नाही, चार. एकानं तरी नाही म्हटलं असणार. ती गेली, पण तिला मी ते पटवून दिलं होतं." त्यांनी पेन तिच्यापुढे ठेवलं. "तर तसंच झालं असणार ना? कागदावर कुठे लिहिलेलं असतं का, कोण काय म्हणालं? मला काही करायचं नाही त्याचं. नुसतं कळलं तर बरं."

ती त्यांच्या समोर उभी होती. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. ती हो म्हणाली असती तर ते खोटं होतं. नाही म्हणाली असती तर ह्या माणसाची सव्वीस वर्षं तिनं एका शब्दात काढून घेतली असती, आणि बाबांनाही त्याच शब्दात उघडं पाडलं असतं. ते माझे वडील होते, एवढं तरी सांगावं असं तिच्या ओठांवर आलं.

"मतं गुप्त असतात, काका," ती म्हणाली. "नियमच आहे तसा. कोणी काय मत दिलं ते उघड करता येत नाही. कधीच नाही आणि कोणालाच नाही."

आवाज अजिबात कापला नाही. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं आलं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्ही नाही म्हणाला नाहीत," ते म्हणाले. "बास. मला कळलं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, सुया टोचून टणक झालेला, आणि कठड्याला धरून जिना उतरून गेले.

ती तिथेच उभी राहिली. ही नोकरी आपल्याला जमणार होती. फार चांगली जमणार होती. आणि तिला दरदरून घाम फुटला.